एप्रिल आला की ट्रक गरम होतो, फॅनचा क्लच बदलला तरी होतो: फॅन उतरवणं, रेडिएटर आतून धुणं आणि फॅन परत बसवणं

तक्रार ठरलेली असते. दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत गाडी जिनिंगच्या फेऱ्या मारते, टेम्परेचरचा काटा जागचा हलत नाही. होळी होऊन उन्हानं चाळिशी ओलांडली की भरल्या गाडीचा काटा वर सरकायला लागतो. ड्रायव्हर सांगतो, "सपाटीवर बराबर चालते, घाटात काटा चढते." गॅरेजमध्ये फॅन हातानं फिरवून पाहतात, फॅनचा क्लच (गरजेप्रमाणे फॅनला जोर देणारा भाग) गेला म्हणतात, नवा बसतो. महिना-दीड महिना बरा जातो. मग नवतप्याच्या तोंडावर तीच गाडी केबिन उचलून रस्त्याच्या कडेला उभी असते, आणि दुसरा क्लचही बोगस ठरतो.

क्लच बहुतेक वेळा बोगस नसतो. कापसाच्या हंगामात रेडिएटरच्या जाळीत बसलेला तंतू थंडीत त्रास देत नाही, कारण बाहेरची हवाच २०-२५ अंशांची असते. तीच जाळी ४५ अंशांत अपुरी पडते. हा तंतू आतून, म्हणजे इंजिनच्या बाजूनं पाणी मारल्याशिवाय निघत नाही, आणि त्या बाजूला पोचायला फॅन आणि काऊल (फॅनभोवतीचं आवरण) बाहेर काढावेच लागतात. म्हणून फॅन उतरवल्याच्या दिवशी जाळी धुतली नाही तर नवा क्लच घालूनही काम अर्धंच होतं.

खालची माहिती इंजिनावर पट्ट्यानं फिरणारा फॅन आणि स्प्रिंगवाला व्हिस्कस क्लच असलेल्या सहा चाकी, दहा चाकी ट्रकांसाठी आणि टिपरांसाठी आहे. बीएस-६ गाड्यांत बऱ्याच ठिकाणी वायरवाला इलेक्ट्रॉनिक क्लच येतो. त्याबद्दल जिथे फरक आहे तिथे सांगितलं आहे.

आधी गाडी कधी गरम होते ते नीट विचारा

हा प्रश्न पाना हातात घ्यायच्या आधीचा. गाडी हळू चालीत, घाटात, किंवा वजनकाट्याच्या रांगेत इंजिन चालू ठेवून उभी असताना गरम होते आणि सपाटीवर पन्नास-साठचा वेग मिळाला की उतरते, तर दोष हवेचा आहे: फॅन, क्लच, काऊल किंवा बाहेरून बुजलेली जाळी. वेगात हवा समोरून आपोआप घुसते, म्हणून तिथे दोष झाकला जातो. तळेगावचा सत्याग्रही घाट किंवा परतवाड्याहून चिखलदऱ्याची चढण ही त्याची चांगली परीक्षा आहे. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये इंजिन पूर्ण ताकदीत आणि समोरून वारा जवळजवळ नाही.

उलट, उभी असताना ठीक पण भरधाव भरल्या गाडीला काटा चढतो, तर दोष पाण्याच्या बाजूचा धरा. रेडिएटरच्या नळ्यांत क्षार, खालचा होज (रबरी नळी) आतून ओढला जाऊन चपटा होणं, वॉटर पंपाचं इंपेलर (पाणी ढकलणारी पाती) झिजणं, यांपैकी काहीतरी. अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात बोअरचं पाणी टाकून चालवलेल्या गाड्यांत हे फार दिसतं. सकाळी चालू केल्यावर पाच-दहा मिनिटांतच काटा चढला आणि वरचा होज गरमच झाला नाही, तर थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर रेडिएटरकडे पाणी सोडणारी झडप) बंद अडकलेला आहे. पाण्याच्या टाकीत सतत बुडबुडे येत असतील तर हेड गॅस्केटकडे (इंजिनचं हेड आणि ब्लॉक यांमधलं सील) जा. या तिन्ही तक्रारींत फॅन उतरवून काही हाती लागणार नाही.

क्लच खरंच गेला का

व्हिस्कस क्लचच्या आत घट्ट सिलिकॉन तेल असतं. तोंडावर, म्हणजे रेडिएटरच्या बाजूला, मच्छर अगरबत्तीसारखी गोल गुंडाळलेली दुहेरी धातूची स्प्रिंग असते (काही क्लचमध्ये ती सरळ पट्टी असते). रेडिएटरमधून आलेली हवा तापली की ती स्प्रिंग वळते, आतली झडप उघडते, तेल कामाच्या खोबणीत जातं आणि फॅन हबबरोबर (पट्ट्यानं फिरणारा भाग, ज्यावर क्लच बसतो) जोरात फिरायला लागतो. मॉडेलप्रमाणे हे साधारण ६० ते ८० अंशांच्या हवेला होतं. लक्षात घ्यायची गोष्ट ही की स्प्रिंगला इंजिनच्या पाण्याची काहीच खबर नसते. तिला फक्त समोरून आलेली हवा कळते. जाळीचा मधला भाग तंतूनं बुजला की नेमकी तिथली गरम हवा स्प्रिंगपर्यंत पोचत नाही. इंजिन उकळत असतं आणि क्लच सुटाच फिरतो. चांगला क्लच फेकून देण्याचं हे सगळ्यात मोठं कारण आहे. स्प्रिंगवर ग्रीस आणि फुफाट्याचा थर बसला असेल तरी ती उशिरा वळते. मऊ ब्रशनं तो थर काढा. तारेचा ब्रश किंवा स्क्रू-ड्रायव्हर स्प्रिंगला लावू नका.

तपासणी अशी. इंजिन बंद, चावी खिशात. थंड इंजिनावर फॅन हातानं फिरवला तर मधात हात फिरवल्यासारखा सारखा विरोध जाणवला पाहिजे. घाट चढून आल्या आल्या, काटा वर असताना इंजिन बंद करून फिरवला तर विरोध स्पष्ट वाढलेला हवा. गरम असतानाही धक्का दिल्यावर दोन-तीन गिरक्या सुटा मारत असेल तर क्लच गेला. अजिबात हलत नसेल, थंड आणि गरम दोन्ही वेळा जाम, तर तो आतून अडकलेला आहे. अशी गाडी गरम होत नाही, पण डिझेल जास्त पिते आणि फॅनचा आवाज दिवसभर येतो.

पात्याचं टोक धरून पुढे-मागे हलवा. टोकाला ६ मिलिमीटरपर्यंत हालचाल चालते. त्याहून जास्त म्हणजे क्लचचं बेअरिंग सैल. क्लचच्या तोंडावर मधून बाहेरच्या बाजूला किरणांसारखे तेलाचे काळे ओघळ आणि त्यावर धूळ चिकटलेली दिसली तर सिलिकॉन तेल गळतंय, तो क्लच बदलावाच लागतो. नुसता ओलसर डाग म्हणजे गळती नव्हे. सकाळी पहिल्यांदा चालू केल्यावर मिनिटभर फॅन गर्जतो आणि मग शांत होतो, तोही दोष नाही. रात्रभरात तेल खोबणीत उतरलेलं असतं, फिरल्यावर ते परत जातं.

शंका उरली तर प्रकाशावर चालणारा आरपीएम मीटर वापरा. एका पात्यावर आणि हबच्या पुल्लीवर चकाकणारी पट्टी चिकटवा. क्लच पूर्ण लागलेला असताना फॅनचे फेरे पुल्लीच्या ८०-९० टक्क्यांच्या आसपास यायला हवेत. ज्या गॅरेजात रोज दोन गाड्या या तक्रारीच्या येतात, तिथे हा मीटर असायलाच पाहिजे. एक चुकीचा क्लच वाचला की त्याची किंमत निघते.

इलेक्ट्रॉनिक क्लचला तोंडावर स्प्रिंग नसते. तिथे आधी वायरीचा सॉकेट, त्यातल्या पिना आणि वायर कुठे पट्ट्याला घासली का ते पाहा, आणि स्कॅनरवर कोड वाचा.

उतरवण्याची तयारी

गाडी सपाट जागी, चाकांना ओट, केबिन उचलून तिचा लॉक दांडा बसलेला. बॅटरीची निगेटिव्ह काढा. इंजिन हाताला सोसेल इतकं, म्हणजे ५० अंशांखाली आल्याशिवाय रेडिएटरचं झाकण उघडू नका. मे महिन्यात दुपारी थांबलेली गाडी तेवढी थंड व्हायला दीड-दोन तास घेते, म्हणून हे काम सकाळीच धरा.

लागणारं सामान: १० आणि १३ चे रिंग पाने व सॉकेट, १७ चा पाना, मोठ्या नटाचा क्लच असेल तर त्याच्या मापाचा पातळ उघडा पाना (बरेचदा ३२ किंवा ३६ चा), ऑटो टेन्शनरसाठी (पट्टा आपोआप ताणून धरणारा भाग) अर्ध्या इंची चौकोनी टॉमी, टॉर्क पाना, वायर ब्रश, निळं लॉकटाइट (बोल्ट सैल होऊ न देणारा गोंद), स्वच्छ कॅन, आणि रेडिएटरच्या मापाचा जाड पुठ्ठा किंवा पातळ प्लायवूड. पुठ्ठा विसरू नका. फॅन काढताना त्याचं टोक जाळीला लागून नळी फुटणं हा या कामातला सगळ्यात महाग अपघात आहे.

पुल्ली धरायला चावी हवी. वेल्डिंगच्या दुकानात ६ मिलिमीटर जाड, ४० मिलिमीटर रुंद, अंदाजे दीड फूट लांब लोखंडी पट्टी घ्या. पुल्लीच्या दोन बोल्टांमधलं अंतर मोजून तिला दोन भोकं पाडून घ्या. तेवढ्यानं काम भागतं.

काहीही सैल करण्याआधी फॅनचं टोक आणि काऊल यांच्यातली फट चारी बाजूंनी मोजून काऊलवरच खडूनं लिहा. ती साधारण १५ ते २५ मिलिमीटर आणि सगळीकडे जवळपास सारखी असते. खाली ५ आणि वर ३५ निघाली, तर इंजिन माउंटिंगचं रबर बसलं आहे आणि इंजिन खाली आलं आहे. अशा गाडीत फॅन कितीही नीट बसवला तरी तो काऊलला घासणार. काऊलची भोकं लांबट करून ती खाली सरकवणं हा उपाय नव्हे. माउंटिंग बदला. फॅनची किती रुंदी काऊलच्या आत आहे तेही पाहून ठेवा. बहुतेक गाड्यांत पात्याची निम्मी ते दोन-तृतीयांश रुंदी आत असते.

फॅन उतरवताना

वरचा होज आडवा येत असेल तरच पाणी काढा, तेही होजच्या पातळीखाली जाईल इतकंच. पाच-सहा लिटर पुरतं. कूलंट चांगलं असेल तर स्वच्छ कॅनमध्ये झाकून ठेवा, जनावरांच्या तोंडाला लागेल अशा ठिकाणी ठेवू नका. इथिलीन ग्लायकॉल गोडसर असतं आणि विषारी असतं, गुरं आणि कुत्री ते चाटतात.

पट्टा काढण्याआधी त्याच्या फिरण्याची दिशा खडूनं बाणानं दाखवा. ऑटो टेन्शनर असेल तर टॉमीनं वळवून पट्टा सैल करा. जुन्या पद्धतीचा असेल तर अल्टरनेटरची पट्टी सैल करा. मात्र मोठा नट सोडायचा असेल तर पट्टा आत्ता काढू नका, पुल्ली धरायला तो मदत करतो.

काऊलचे १० किंवा १३ चे बोल्ट, ओव्हरफ्लोची नळी आणि वायरीच्या क्लिपा काढा. काऊल दोन तुकड्यांची असेल तर वरचा तुकडा बाहेर येतो. एकसंध असेल तर ती इंजिनच्या बाजूला फॅनवर सरकवून ठेवा आणि शेवटी फॅनबरोबर एकदमच वर उचला. आता जाळीसमोर पुठ्ठा उभा करा.

फॅन दोन तऱ्हांनी बसलेला असतो. पहिल्या तऱ्हेत क्लच हबला चार बोल्टांनी किंवा स्टड-नटांनी लागतो. हे सोपं. चारही बोल्ट थोडे थोडे सैल करा, शेवटचा सोडताना दुसऱ्या हातानं फॅन धरा. दुसऱ्या तऱ्हेत क्लचच्या मागे एकच मोठा नट असतो आणि इथे लोक फसतात. समोरून पाहिलं तर इंजिन घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं फिरतं, आणि हवेचा विरोध फॅनला मागे ओढतो. त्या ओढीनं नट आवळत राहावा म्हणून त्याला बऱ्याच इंजिनांत उलटे आटे दिलेले असतात. तो समोरून घड्याळाच्या दिशेनं फिरवल्यावर सुटतो. पण सगळ्यांचे उलटे नसतात. म्हणून सुरुवातीला पाना लावून अंदाज घ्या, आटे उघडे दिसत असतील तर बॅटरी मारून त्यांचा कल पाहा. सुटत नाही म्हणून तीन फुटी पाइप चढवून चुकीच्या दिशेला जोर लावला तर हबचा शाफ्टच तुटतो. योग्य दिशा कळली की पुल्ली पट्टीनं धरा आणि पान्याच्या टोकावर हातोडीचा एक खणखणीत ठोका द्या. संथ जोरापेक्षा झटका लवकर काम करतो. गॅसची ज्योत लावू नका, क्लचचं सील आणि बेअरिंग तिथेच संपतं.

पाती धरून इंजिन फिरवणं, पात्यात लोखंडी बार अडकवून पुल्ली रोखणं, दोन्ही बंद करा. मुळाशी पडलेली बारीक चीर त्या दिवशी दिसत नाही. ती दोन हजार आरपीएमला दिसते, आणि तेव्हा पातं रेडिएटरच्या आरपार गेलेलं असतं.

क्लच आडवा ठेवू नका

उतरवलेला फॅन-क्लच जमिनीवर आडवा, तोंडावर किंवा पाठीवर टाकून ठेवायची पद्धत सगळीकडे आहे. सिलिकॉन तेल आपल्या जागेवरून उतरून बेअरिंगमध्ये शिरतं आणि तिथलं ग्रीस खराब करतं. रेडिएटर रिपेअरला गेला म्हणून क्लच तीन दिवस असा पडून राहिला, आणि परत बसवल्यावर महिन्याभरात खडखडायला लागला, तर कारण हेच. गाडीवर असतो तसाच, उभा, भिंतीला टेकवून ठेवा. दुकानातून नवा आणतानाही खोक्यावरचा उभा बाण पाळा. शेल्फवर वर्षभर आडवं पडलेलं खोकं घेऊ नका.

फॅन बाहेर असताना करायचं काम

हीच ती वेळ. रेडिएटरच्या पुढे इंटरकूलर (टर्बोची गरम हवा थंड करणारी जाळी) असतो, एसी गाडीत त्याच्याही पुढे कंडेन्सर. ग्रिलमधून पाहिलं तर इंटरकूलर स्वच्छ दिसतो आणि माणूस समाधान मानतो. तंतू अडकतो तो इंटरकूलर आणि रेडिएटर यांच्यामधल्या दोन-तीन बोटांच्या फटीत. तिथे बॅटरी मारून पाहा. कापसाचा तंतू, सोयाबीन-तुरीचा भुसा आणि रस्त्याचा फुफाटा यांचा करडा थर बसलेला असतो, कडेला बोटात धरून ओढला तर जुन्या गोधडीच्या पट्टीसारखा एकसंध सोलून निघतो. वणी, घुग्घुस पट्ट्यातल्या कोळशाच्या गाडीत तो काळा आणि चिकट असतो. इंजिनच्या पुढच्या सीलमधून तेल पाझरत असेल तर कोळशाची भुकटी आणि तेल मिळून डांबरासारखी वडी होते. अशा वेळी आधी सील बदला, नाहीतर धुतलेली जाळी दोन महिन्यांत पुन्हा तशीच होईल.

इंटरकूलरचे ब्रॅकेट सोडून तो शक्य तितका पुढे सरकवा. मोठा थर हातानं काढा. मग कॉम्प्रेसरची हवा इंजिनच्या बाजूनं बाहेरच्या दिशेनं मारा. समोरून मारलेली हवा तंतू आणखी आत ठोकते. त्यानंतर पाणी, तेही आतून बाहेर. प्रेशर वॉशरची नळी जाळीपासून किमान फूटभर लांब आणि अगदी समोरासमोर धरा. तिरकी धरली तर पातळ पंख झोपतात, आणि झोपलेले पंख तंतूइतकेच हवा अडवतात. तेलकट जाळीला कोमट पाण्यात कपड्याची पावडर घालून फवारा, पंधरा मिनिटं भिजू द्या, मग धुवा. कॉस्टिक सोडा वापरू नका. आजचे रेडिएटर अॅल्युमिनियमचे आहेत, सोडा ते खातो. धुऊन झाल्यावर जाळीमागे बल्ब धरा आणि समोरून पाहा. उजेड सगळीकडून सारखा आला पाहिजे. मधोमध काळा पट्टा राहिला तर परत धुवा, क्लचची स्प्रिंग नेमकी त्याच पट्ट्यासमोर बसणार आहे.

जाळी आणि काऊल यांच्यातलं फोम किंवा रबर तुटलं असेल तर नवं लावा. त्या फटीतून फॅन गरम हवाच परत ओढतो.

पट्टा काढलेला असतानाच हब हातानं फिरवा. दाणेदार खरखर लागली किंवा वर-खाली हालचाल जाणवली तर हबचं बेअरिंग आत्ताच बदला. वॉटर पंपाच्या खालच्या टिपक्याच्या भोकातून कूलंटचा डाग आहे का तेही पाहा. टेन्शनरची पुल्ली फिरवून ऐका.

पाती एक एक करून मुळाशी तपासा. प्लास्टिकच्या फॅनमध्ये मधल्या लोखंडी चकतीभोवती केसासारखी चीर आली असेल किंवा एक पातं तुटलं असेल, तर पूर्ण फॅन बदला. तोल साधायला समोरचं पातंही कापून टाकण्याचा प्रकार पाहायला मिळतो. त्यानं हवा आणखी कमी होते आणि बाकीची पाती कमकुवत ती कमकुवतच राहतात. लोखंडी फॅनचे रिव्हेट सैल असतील तर तोही बाद. वाकलेलं पातं ठोकून सरळ करू नका.

परत बसवताना

हबचा मधला उंचवटा आणि क्लचची बैठक वायर ब्रशनं चकाचक करा. तिथे राहिलेली गंजाची किंवा रंगाची एक पापडी टोकाला दोन-तीन मिलिमीटर डगमग देते. मध्ये स्पेसर होता तर तोच आणि तेवढ्याच जाडीचा घाला. दुसऱ्या गाडीचा जाड स्पेसर घातला तर फॅन जाळीकडे सरकतो.

फॅनची बाजू पाहा. प्लास्टिकच्या फॅनवर बहुधा 'फ्रंट' किंवा 'इंजिन साइड' असं इंग्रजीत कोरलेलं असतं. उलटा बसवलेला फॅन हवा उलटी फेकतो असं सर्रास सांगतात, ते बरोबर नाही. तो फिरतो त्याच दिशेला, पात्यांचा पीळही तोच राहतो, त्यामुळे हवा इंजिनकडेच जाते. पण पात्याचा बाक आणि पुढची धार उलटी होते आणि ओढ बरीच कमी पडते. म्हणूनच ही चूक पकडली जात नाही: हात लावून पाहिलं तर हवा येतेय, कागद जाळीला चिकटतोय, सगळं ठीक. घाटात मात्र काटा चढतो. क्लच बदलल्यावर गाडी आधीपेक्षा जास्त गरम व्हायला लागली, तर पहिली शंका याचीच घ्या.

८ मिलिमीटर आट्याचे बोल्ट (१३ चा पाना) २० ते २५ न्यूटन-मीटर, १० मिलिमीटरचे ४५ च्या आसपास आवळा. गाडीच्या मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच धरा. समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीनं, दोन फेऱ्यांत. क्लचचं अंग अॅल्युमिनियमचं असतं, इम्पॅक्ट गननं आवळले तर आटे निघतात. प्रत्येक बोल्टाला निळ्या लॉकटाइटचा एक थेंब पुरे. लाल लावू नका, पुढच्या वेळी बोल्ट तुटेल.

पट्टा प्रत्येक खोबणीत बसला का ते बोटानं चाचपा. हाताच्या टेन्शनचा व्ही-पट्टा सगळ्यात लांब अंतराच्या मधोमध अंगठ्यानं चांगला दाबला तर १० ते १२ मिलिमीटर दबला पाहिजे. त्याहून ताठ ठेवला तर हबचं आणि अल्टरनेटरचं बेअरिंग खातो. काऊल बसवून फट परत मोजा, खडूनं लिहिलेल्या आकड्यांशी ताडा, आणि फॅन हातानं पूर्ण एक फेरा फिरवा.

पाणी भरताना कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं. २० लिटरची सिस्टिम रिकामी केली असेल तर १० लिटर आणि १० लिटर. तयार मिसळलेलं कूलंट घेतलं तर त्यात पाणी घालू नका. सावकाश ओता, हवा काढायचा स्क्रू असेल तर उघडा ठेवा. झाकणाचं रबर चिरलेलं असेल तर झाकणही बदला. प्रेशर धरणारं झाकण पाण्याचा उकळबिंदू वर नेतं, ४५ अंशांच्या दिवशी तेवढीच जागा हाताशी असते.

चालू केल्यावर

पुठ्ठा, पाने, फडकी बाहेर आली का ते मोजा. इंजिन चालू करून दोन हजार आरपीएमला दोन मिनिटं धरा, म्हणजे क्लचमधलं तेल सगळीकडे नीट पसरतं. ही दोन मिनिटं बहुतेक ठिकाणी वगळली जातात आणि पहिल्याच घाटात "नवा क्लच लागत नाही" असा फोन येतो. या वेळी कोणीही फॅनच्या रेषेत उभं राहू नये.

मग आयडलवर ठेवा. थर्मोस्टॅट उघडला की वरचा होज एकदम गरम होतो आणि टाकीतली पातळी खाली येते. बंद करून, थंड झाल्यावर पाणी पुरं करा. खरी परीक्षा भरल्या गाडीनं, दुपारी, चढावर. क्लच लागताना फॅनची गर्जना ऐकू येते, काटा थांबतो आणि मग उतरतो. गर्जना आली आणि काटा तरी चढतच राहिला, तर हवा पुरेशी आहे आणि दोष पाण्याच्या बाजूला आहे.

फॅन बसवल्यावर नवा थरकाप आला तर बैठक किंवा वाकडं पातं. वळणावर किंवा ब्रेकला खर्र आवाज आला तर काऊलची फट आणि माउंटिंग. सकाळी पट्टा किंचाळला तर टेन्शन किंवा पट्ट्यावर सांडलेलं कूलंट, ते पाण्यानं धुऊन पुसा, पावडर किंवा ग्रीस लावू नका.

क्लच मिळत नाही म्हणून बोल्ट घालून किंवा वेल्ड करून फॅन डायरेक्ट करणं हे गाव गाठण्यापुरतं ठीक. फॅनला लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, वेग दुप्पट तर ताकद आठपट. ती सगळी डिझेलमधून जाते, आणि पट्टा व बेअरिंग त्याखाली दबून जातात. थंडीत इंजिन नीट तापतही नाही. आठवड्याच्या आत क्लच आणून बसवा.

ग्रिलसमोर मच्छरजाळी बांधण्याची चाल जिनिंगच्या गाड्यांत आहे. तंतू अडतो हे खरं, पण ती स्वतःच फार लवकर बुजते आणि मग हवा बंद. लावायचीच तर मोठ्या भोकांची, चटकन काढता येणारी लोखंडी जाळी लावा आणि प्रत्येक फेरीला झटका. फेब्रुवारीच्या शेवटी, कापसाच्या फेऱ्या संपल्या की जाळी आतून धुवायला गाडी एक दिवस उभी करा. सराईत हाताला फॅन उतरवून चढवायला दोन तास आणि धुवायला तासभर लागतो.

पहिल्या दोनशे-तीनशे किलोमीटरनंतर, थंड इंजिनावर, फॅनच्या बोल्टांना परत एकदा पाना लावा आणि नवा पट्टा असेल तर त्याचं टेन्शन पुन्हा बघा.